चुकून झालेलं

तुम्हाला चहा पिता पिताच सांगून ठेवतो, आमच्या घरी आलात तर आईसमोर ॲनिमेचं, म्हणजे त्या जपानी कार्टून मालिकांचं, नाव काढू नका. चूक माझीच हाय.

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. मी मोबाइलवर तसलीच एक मालिका बघत बसलो होतो, शेजारी आई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "काय बघायलास रे एवढं?"

मला असं विचारणारं कुणी भेटतच नाही. सुटलोच मी. म्हणलं, "ह्यातली जादू फुकट नसती, आई. आवडीचं काहीतरी सोडावं लागतं, मग ताकद मिळती. ह्या पोरीनं भाऊ जगावा म्हणून मीठ सोडलंय."

"नवसच की मग," म्हणून आई हसली. लय दिवसांनी हसली. "आन् तिनं मधीच मीठ खाल्लं तर?"

"भाऊ मरतो."

"चुकून खाल्लं तर?"

"चुकून-बिकून काही नसतंय. नियम म्हणजे नियम. त्याच्याशिवाय मजाच न्हाई."

आईचे हात थांबले.

"तुझे बाबा दवाखान्यात होते तवा मी चहा सोडला व्हता," ती म्हणाली. "ते घरी येईस्तोवर. एका सकाळी तुझ्या आत्यानं कप हातात दिला. माझ्या ध्यानातच न्हाई राह्यलं. अर्धा कप पिले मी."

"आई, ही नुसती गोष्ट हाय गं. कुणीतरी बसून लिहिलेली."

तिनं शेंगांचं सूप पुढं ओढलं.

"मला इतके दिवस वाटायचं," ती म्हणाली, "चुकून झालेलं धरत नसतील."