वॉलीची जागा

डेझमंड: हसलीस. मी इथे गुडघे टेकून बसलोय, डोळ्यांत पाणी आणलंय, मागे आगीचा बंब धडधडतोय, आणि माझा मुडदा फिदीफिदी हसतोय.

इलेन: तू मला म्हाताऱ्या म्हणालास.

डेझमंड: मी? कधी?

इलेन: "अजून नाही, म्हाताऱ्या, अजून नाही." बाबांच्या जागी मी आले म्हणून लेखकांनी खोडून 'बाई' केलंय. तुझ्या कागदावर लिहिलंय.

डेझमंड: एकोणीस वर्षं बंबाचा कॅप्टन होऊन तुझ्या बापाच्या, वॉलीच्या छातीवर हात ठेवून हेच म्हणतोय. जीभ आपोआप तिकडे वळते. आणि पहिल्यांदा मेला तेव्हा तो म्हातारा नव्हताही. पंचावन्नचा होता. चिडायचा माझ्यावर.

पॅम: झालं का दोघांचं? दिग्दर्शक बाई माझ्या इअरफोनमध्ये ओरडताहेत. हा चौथा टेक होता. ऊन अर्धा तास टिकेल, मग ते गोदामामागे जाणार. उद्या हा रस्ता आपल्याला कोणी बंद करून देणार नाही. आणखी एकदाच घेणार म्हणतात. त्याआधी इलेन शांत झाली नाही, तर तिच्या जागी रबराचा पुतळा.

इलेन: पुतळा नको, पॅम. आजचा शेवटचा भाग आहे. या मालिकेत बाबा दर वर्षी एकदा तरी मेले. पाय मोडला होता त्या वर्षीसुद्धा प्लास्टरसकट मेले.

डेझमंड: लिफ्टमध्ये अडकून. प्लास्टर कथेत बसवायला लेखकांना आठवडा लागला.

पॅम: आणि एकदा पहिल्या भागात धुरात गुदमरून मेला, तिसऱ्या भागात गर्दीत उभा. सँडविच खात.

डेझमंड: तो आपला जुळा भाऊ होता असं सांगायचा सगळ्यांना. भाऊ मेल्यावर दोन आठवड्यांत सँडविच कसं खातोस, असं एका बाईनं रागावून पत्र लिहिलं होतं.

इलेन: ते पत्र फ्रेम करून न्हाणीघरात लावलंय. म्हणून म्हणते, एवढं एक वर्ष तरी आम्हा फेडोरचुकांकडून कोणीतरी मरू दे.

पॅम: मग हसू नकोस, पोरी.

इलेन: मी मुद्दाम हसते का? डेझचे हात छातीवर आले की आतून काहीतरी उसळतं.

डेझमंड: माझे हात लोकांना धीर देतात. परवा वाणसामानाच्या दुकानात एका आजोबांनी शर्ट वर करून मला पाठीवरचा तीळ दाखवला.

पॅम: काय सांगितलंस, डॉक्टर?

डेझमंड: वाढत नाही ना, एवढं विचारलं. गंभीर चेहऱ्याने.

पॅम: याला रक्तदानाला नेलं होतं मी. सुई दुसऱ्याच्या हातात गेली आणि हा आडवा. तीस वर्षं खऱ्या ॲम्ब्युलन्सवर काढली, कॅप्टन लोकांना उचलायची वेळ कधी आली नव्हती.

डेझमंड: त्या दिवशी पोट रिकामं होतं.

पॅम: चार बटर टार्ट होती त्यात. मी मोजली होती. इलेन, इकडे बघ. ओठांवरचा निळा रंग पुसलास सगळा. हलू नकोस, लावते. आणि खरं सांग, कशाला हसतेस?

इलेन: सांगितलं तर तुम्ही मला घरी पाठवाल.

पॅम: सांग.

इलेन: बाबा घरी सराव करायचे, माहितेय ना? स्वयंपाकघरात. चालता चालता धाडकन पडायचे. आई आणि मी गुण द्यायचो. श्वास दिसला की दोन कमी, पापणी हलली की तीन कमी.

डेझमंड: मला फोन करून सांगायचा. "आज साडेआठ मिळाले, डेझ."

इलेन: मार्चमध्ये पडले तेव्हा मी कॉफी करत होते. मी म्हटलं, पापणी हलली, सात. आणि दूध हवं होतं. फ्रिज त्यांच्या पलीकडे.

पॅम: मग?

इलेन: ओलांडून गेले. दूध घेतलं. परत ओलांडून आले.

डेझमंड: अरे देवा.

इलेन: हसू नकोस, डेझ.

डेझमंड: मी हसत नाहीये.

इलेन: खांदे हलताहेत तुझे. मी ओट्याला टेकून अर्धा कप कॉफी प्यायले. मग म्हटलं, बरं बाबा, नऊ देते, उठा आता, लादी गार आहे. तेव्हा कुठे लक्षात आलं.

पॅम: अर्धा कप.

इलेन: मोठा कप.

पॅम: मी पण हसत नाहीये, पोरी. ही नाकाची सवय आहे माझ्या.

इलेन: हसा. आईला सांगितलं तेव्हा तीही आधी हसली. मग दोन दिवस स्वयंपाकघरात आली नाही.

पॅम: एका घरी गेले होते मी, नवरा खाली पडलेला आणि बायको त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. दवाखान्यात न्यायचंय ना, म्हणाली, चुरगळलेला कसा घालू? सगळ्यांचं तसंच होतं. हातात असेल ते काम माणूस पुढे रेटतो. पण दुधासाठी ओलांडून गेलेलं कोणी आठवत नाही. तो मान तुझा.

इलेन: अजून आहे. डेझ, तू जरा तिकडे जा.

डेझमंड: का?

इलेन: बरं, राहा. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, तिथल्या बाईनं सांगितलं, छाती दाबा. मी म्हटलं, मला येतं. खरंच वाटलं मला येतं. लहानपणापासून बघतेय. बसले आणि दाबायला लागले. तुझ्यासारखी. कोपरं वाकवून.

पॅम: ओह.

इलेन: त्या बाईला फोनवर कसं कळलं देव जाणे. माझ्या मोजण्यावरून कळलं असेल. म्हणाली, ताई, हात सरळ आहेत ना? मी बघितलं तर नव्हते. बराच वेळ गेला होता तोवर.

डेझमंड: मी कोपरं वाकवतो कारण खाली जिवंत माणूस असतो. वॉलीनेच शिकवलं मला. फासळ्या माझ्या आहेत, म्हणाला, नाटक तुझ्या कोपरांनी कर.

इलेन: माहितेय रे. तुझी चूक आहे असं कुठे म्हणतेय? पण आज तू वाकलास, तुझी कोपरं माझ्या नाकासमोर आली, आणि मला त्या लादीवरची मी दिसले. तुझी नक्कल करणारी. चेहरासुद्धा तुझ्यासारखाच केला असेल, शूर. त्याचंच हसू येतं.

डेझमंड: पॅम, सरळ हातांनी करता येईल का?

पॅम: हिच्यावर? मोडशील हिला.

डेझमंड: मग कसं ते सांग. वाकवून मी आता करणार नाही. बाईंना सांग हवं तर.

पॅम: पुतळा आणलाय ना त्यांनी? त्याचं डोकं काढा. धड स्ट्रेचरच्या गाडीवर ठेवू, ब्लाऊज त्याला घालू. इलेन गाडीच्या टोकाला मागे गुडघ्यांवर बसेल, मान मागे टाकून उशीवर. मध्ये चादर. डोकं फेडोरचुकांचं, फासळ्या रबराच्या.

इलेन: म्हणजे मी बसल्या बसल्या मरणार?

पॅम: तुझ्या बापाने लिफ्टमध्ये उभ्याने केलं होतं. जा, बाईंना मी सांगते. वीस मिनिटं आहेत. डेझ, तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध. खांदे हातांच्या बरोबर वर. जोर कमरेतून येतो. चेहरा शूर करू नकोस, वेळ नसतो त्याला.

डेझमंड: आणि किती खोल?

पॅम: तुला वाटतं त्याच्या दुप्पट. आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ दे. इलेन, मान दुखतेय?

इलेन: दुखतेय. चालेल.

पॅम: हसू येतंय?

इलेन: थोडं.

पॅम: दातांत धर. आता गप्प.

(कॅमेरा सुरू होतो. डेझमंड सरळ हातांनी दाबतो, मोजतो, दाबत राहतो. कागदावरचं वाक्य तो बोलत नाही. इलेन हलत नाही. मिनिटभराने कुणीतरी "कट" म्हणतं.)

पॅम: घेतलं. बाई म्हणतात, वाक्य कुठे गेलं?

डेझमंड: दम लागला होता. खरंच बोलता येत नाही हे करताना, पॅम.

पॅम: नाहीच येत. मी दुसऱ्या वर्षापासून सांगतेय.

डेझमंड: मग बरोबर केलं मी?

पॅम: अगदी बरोबर. मी असते तरी असंच केलं असतं.

डेझमंड: तरी कथेत मेलीच ती.

पॅम: मरतात. सरळ हातांनी, पहिल्या मिनिटापासून केलं तरी मरतात.

इलेन: किती जण?

पॅम: बहुतेक सगळे, पोरी. माझ्या हातांखालीसुद्धा.

इलेन: हात दे, पॅम. गुडघे आखडलेत माझे.