झेल्याची जाळी

सिरसाळ्याला एसटीत चढले आणि नेमकी एका काका-काकूंच्या मागची सीट मिळाली. त्यांच्या पायाशी आंब्याचं डालगं होतं. अंबाजोगाईपर्यंत मी पुस्तक उघडलंच नाही!

"विहीणबाईंनी अढी घालायला गवत अंथरून ठेवलंय म्हणं."

"मग चांगलं हाय की."

"लई चांगलं हाय. मागल्या साली मी एकेक आंबा झेल्यानं उतरवला, देठासकट. पंधरा दिवस टिकले. त्यांनी गल्लीभर मिरवलं. औंदा तुमी उतरवलेत."

"फांदी जरा हलवली, बस."

"जरा? खालच्या शेरड्या पळून गेल्या!"

"मग काय करू? झेल्याला जाळी कुठं होती?"

"बैलाच्या तोंडाला. तुमीच तिचं मुसकं केलंत ना?"

"बैल उभ्या पिकात तोंड घालत होता."

"बैलाचं तोंड झाकलंत. आता विहीणबाईंपुढं मी माझं कुठं झाकू?"

"वरून तर एक बी डाग दिसत न्हाई."

"चार दिवसांनी दिसंल की, अढी उघडल्यावर. सगळ्या गल्लीला."

गतिरोधकावर गाडी आदळली. काकांनी झटकन डालगं उचलून मांडीवर घेतलं.

"आता कावून जपताय?"

"गचका बसंल त्यांला."

"बसू द्या. पंधरा फुटांवरून पडलेत ते, सवय हाय त्यांला."

"लोणच्याला आणलेत म्हणू का?"

"म्हणा की. फक्त ते मुसकं संगं आणायचं होतं. माझ्या तोंडाला बांधल्याबिगर मी काय गप बसत न्हाई."