सुधीरच्या फुलांची चव

आमच्या मिरजोळ्याच्या सुधीरला इथलं काही लावायचं म्हटलं की कमीपणा वाटतो. त्याने बोरेज नावाच्या विलायती भाजीचं बी मागवलं. तिची निळी फुलं खातात म्हणे! तीन महिने त्या कुंडीजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. शेवटी चार फुलं आली, तसं आम्हा चौघा मित्रांना बोलावून बशीत एकेक वाढलं.

"डोळे मिटून चावा आणि चव ओळखा!"

मी चाचरत म्हटलं, "काकडी?"

"बरोब्बर!" सुधीर खुर्चीतून उठलाच.

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली.

"भावजी, मागच्या मांडवावर काकड्या पिकून फुटायला लागल्यात. तोडून आणा म्हटलं, तर हे म्हणतात, काकडीची चवच आवडत नाही."