बोर्ड पुरा करा आणि जा

...अहो, अटक केली असती तर एक वेळ चाललं असतं! अटकेला कागद असतो, कागदावर कारण असतं, माणसाला कळतं तरी आपण कुठे आहोत ते. मला अटक नव्हतीच. मला फक्त जाऊ देत नव्हते. यात फरक काय, असं तुम्ही विचाराल. मीही साहेबांना तेच विचारलं. साहेब म्हणाले, "पेंटर, बोर्ड पुरा करा आणि जा."

मी पेंटर. म्हणजे भिंतींचा नव्हे, अक्षरांचा. तीस वर्षं 'येथे थुंकू नये' लिहितोय आणि लोक तीस वर्षं तिथेच थुंकतायत, ते जाऊ दे. त्या दिवशी काम होतं पोलीस ठाण्यात. सहा फुटी पत्रा, निळी जमीन, पांढरी अक्षरं. आणि मजकूर काय? तर पोलिसांनी काय काय करायचं नाही! अकरा नियम. दरवाजासमोर बोर्ड लावा, असा वरून हुकूम. हुकूम आला चार महिन्यांपूर्वी, तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मला बोलावलं कधी? आदल्या दिवशी अकरा वाजता. निळा रंग वाळायलाच दोन वाजले.

मी आधीच सांगितलं होतं, "साहेब, चारला निघणार, राहिलेलं उद्या उजाडताच येऊन करतो." कारण पाच वाजता दवाखान्यात माझ्या बायकोच्या डोळ्यावरची पट्टी काढणार होते. मोतीबिंदू. एक डोळा पहिल्यापासून अधू, दुसऱ्यावर पडदा, दोन वर्षं बिचारी मला खोकल्यावरून ओळखतेय. मला म्हणाली, "पट्टी काढताना समोर तुम्ही पाहिजे. दुसऱ्या कुणाचं तोंड मला आधी बघायचं नाही." आता लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या तोंडाबद्दल ही बाई इतकं चांगलं कधी बोलली नव्हती हो. मी शब्द दिला.

चार वाजले. तीन नियम झालेले. ब्रश धुतला, निघालो, तर दारात मिशीवाले हवालदार आडवे. आतून साहेब, "कुठे?" म्हटलं, दवाखान्यात. "बोर्ड पुरा करा आणि जा." म्हटलं, निदान फोन करू द्या, तर फोन आल्याआल्याच काढून घेतलेला, साहेबांच्या खणात! म्हटलं, हा नियम कुठला? "बोर्डावर आमच्यासाठीचे नियम आहेत पेंटर. तुमच्यासाठीचे वेगळे."

आता एक सांगतो, आम्ही अक्षरवाले वाचत नाही. कागद दुमडून चिमट्यात लावायचा, एकच ओळ बाहेर ठेवायची, आणि अक्षरं काढत जायचं. पुढचं बघितलं की हात चुकतो. पण त्या वेळी काय झालं, रागाने मागे सरकलो आणि माझाच तिसरा नियम वाचला. 'कोणाही व्यक्तीस थांबवल्यास तिला त्याचे कारण सांगितले पाहिजे.' म्हटलं, साहेब, हे बघा! साहेब उठले, बोट लावलं, बोट पांढरं झालं. "ओला आहे. वाळल्याशिवाय लागू कसा?"

तसा माणूस वाईट नव्हता. पुन्हा खुर्चीत बसले, जरा विचार केला. "बरं, जेवढे बोर्डावर येतील तेवढे पाळीन. कारण ऐका, उद्या तपासणी आहे. ऐकलं? बोर्ड पुरा करा आणि जा."

मग काय विचारता, मी हावरटासारखा लिहायला लागलो! न जाणो, पुढचाच नियम सोडवेल. चौथा निघाला, स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी. मला काय उपयोग? पाचवा, पाणी आणि खाणं द्यावं. चहा आला, अर्धा कप. सहावा, मारहाण करू नये. साहेबांचा चेहरा पडला. "तुम्हाला कोणी मारलं का पेंटर?" नाही हो. "मग?" सातवा, बेड्यांबद्दल. आणि आठवा, 'कोणाही व्यक्तीस ठाण्यात ठेवल्यास तिच्या नातेवाइकास कळवावे.' मी ओरडलोच, "साहेब, आठवा!"

पाळला. शब्दाला पक्का माणूस! मिशीवाले हवालदार मोटरसायकलवरून निघाले आणि बरोबर पाचला दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी पट्टी काढली, बायकोने डोळा उघडला, तर समोर वर्दी, वर मिशी, आणि मिशी म्हणतेय, "बाई, घाबरू नका. तुमचे मालक पोलीस ठाण्यात आहेत."

मी इकडे मान खाली घालून लिहितोय. वाचणं बंद, नुसता हात. साडेपाचला अकरावा संपवला, ब्रश टाकला, आणि दारात ही उभी. काळा चष्मा, हवालदारांचा हात धरलेला. माझ्याकडे बघतच राहिली.

"केस केव्हा पांढरे झाले?"

म्हटलं, रंग उडालाय. "रंग कानाला लागलाय. हे केस आहेत." मला रडूच आलं हो, ठाण्यात, सगळ्यांसमोर.

मग ती वळली बोर्डाकडे. दोन वर्षांनी अक्षर दिसत होतं, सोडते कशाला? मोठ्याने, पहिलीतल्या पोरीसारखी वाचत सुटली. सहा. सात. आठ. दहा.

"नऊ कुठाय?"

साहेबांनी चिमट्यातला कागद काढला, घड्या उलगडल्या. नऊ आणि दहा दोन्ही 'कोणाही व्यक्तीस'ने सुरू होत होते. घाईत नजर घसरली. साहेबांनी वाचून दाखवलं, 'कोणाही व्यक्तीस लेखी हुकमाशिवाय ठाण्यात थांबवता येणार नाही; ती मागेल तेव्हा तिला जाऊ द्यावे.'

साहेबांनी एकदा कागद बघितला, एकदा बोर्ड बघितला. मग हळूच म्हणाले, "हा लिहिला असता पेंटर, तर तुम्हाला तिथल्या तिथे सोडावं लागलं असतं." आणि मोठ्या मनाने खणातून माझा फोन काढून दिला. "आता वाचलाय, म्हणजे लागू धरू. जा तुम्ही. सकाळी या."

मी ब्रश गुंडाळले. बायको बाकावर बसली, पदर सावरला.

"चुकलेलं टाकून जायचं? उद्या लोक काय म्हणतील? बोर्ड पुरा करा, मग जाऊ."

मी आशेने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पेंटर, हे आमच्या हद्दीत येत नाही."