एक भूकंप, पार्सल

नाही हो, टेबल नंतर हललं. आधी बर्फ वाजला. तुम्ही तुमच्या कंपनीचं सांगत होतात, मी मान डोलवत होते, आणि माझ्या कोल्ड्रिंकमधला बर्फ आपला आपणच किणकिणायला लागला — ग्लासला कुणाचा हात नाही, स्ट्रॉसुद्धा मी काढून ठेवलेली. म्हटलं, झालं! तुम्हाला वाटलं असेल, लग्नासाठी बघायला आलेली पोरगी बोलता बोलता खुर्ची पाडून दाराकडे पळते म्हणजे आपण काय असं बोललो — आणि तुम्ही मागून ओरडताय काय, तर ‘अहो, बर्गर आवडला नाही का?’ अहो, भूकंप होता तो! तुम्ही नांदेडचेच, पण पुण्याला राहून राहून तुम्हाला जड ट्रक गेल्यासारखं वाटलं. आमच्याकडे उलटं आहे, ट्रक गेला तरी भूकंप वाटतो. — बसा ना. सगळे आलेत आत. मॅनेजर पण म्हणून राहिलेत ना, आता काही नाही, टोकनवाल्यांनी काउंटरवर या — म्हणजे जमीन हलली तरी टोकन हलत नाही यांचं. एक मिनिट हं, मी फक्त एक फोन लावते. लातूरला. — वाजतोय. — नाही उचलत.

आईला? आईला कशाला लावू, ती समोर गाडीत आहे की मामांबरोबर — ती बघा, काच खाली करून मामांना हातवारे करून भूकंप समजावून सांगतेय, जसं काही मामा तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते. ‘तुम्ही दोघं निवांत बोला’ हे मामांचंच डोकं. घरी पोहे करून पोरगी ट्रे घेऊन आली की मुलांना दडपण येतं म्हणे, म्हणून बर्गर. आईनं काल तीनदा विचारलं, तिथं साडी चालते का. आता बघा, साडी नेसून मी अख्ख्या दुकानाच्या आधी रस्त्यावर. माझी चप्पल तुम्ही हातात घेऊन आलात त्याबद्दल — थँक्यू. खरंच. तेवढ्या माणुसकीची मी अपेक्षा नव्हती केली, फोटोत तुम्ही जरा आखडू दिसता.

मी भित्री आहे, ते आता लपवण्यात अर्थ नाही. पण माझी एकटीची चूक नाही ती. आई-बाबांचं नवीन लग्न झालेलं, बाबांची शाळा निलंग्याकडच्या खेड्यात, आणि तो मोठा भूकंप झाला — घर बसलं, हे दोघं तेवढे वाचले. मी त्यानंतर जन्मले, पण आमच्या घरात भूकंप माझ्याआधीपासून राहतो. अजून आमच्या फ्रिजवर ताटात पालथ्या फुलपात्रांची उतरंड असते, एकावर एक. वाजली की पळायचं. आतापर्यंत मांजर, पंखा, शेजारच्यांची बोअर, सगळ्यांसाठी पळून झालंय. मागच्या स्थळाच्या वेळी तर — सांगू का? — ते लोक सोफ्यावर बसलेले, मी चहा देतेय, शेजारी बोअरचं मशीन सुरू झालं, उतरंड वाजली, आणि आम्ही तिघं एक शब्द न बोलता अंगणात. पाहुणे आत, यजमान बाहेर. नकार आला. कारण दिलं पत्रिका.

काय म्हणालात? हो, थंड झाला. पण खरं सांगू, गरम होता तेव्हाही काही फार वेगळा नव्हता. तुम्ही मघाशी म्हणालात ना, यांचा नांदेडला खा, पुण्याला खा, दिल्लीला खा, चव अगदी तीच — आणि किती कौतुकानं म्हणालात! मी क्लासमध्ये बॉटनीचे डाउट सोडवते. शिकवत नाही, डाउट सोडवते, लातुरात ते वेगळं पद आहे. तर आमच्याकडे सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं आलं तर त्याला कॉपी म्हणतात. आणि तो वरचा फोटो बघा, केवढा उंच, केवढा फुललेला. आणि हा हातातला, कुणीतरी बसून उठल्यासारखा. तिखट मागितलं तर पुडी. पुडी दातानं फोडायची, निम्मी साडीवर. आणि हे बटाट्याचे तुकडे — इथून उठून अर्धापूरला जा, केळीचे घड लटकलेत रस्त्यानं, ताजे वेफर्स तळून देतील, पण नाही, आम्हाला हा बटाटा पाहिजे, जो कुठून आलाय ते बटाट्यालाच माहीत नाही.

मला माहितीय ना बर्गर कसा असतो. लातूरला आमच्या क्लासच्या गल्लीत आहे, ‘रिपीटर बर्गर’. हसू नका! नीटमध्ये मार्क कमी पडले की परत एक वर्ष काढतात ना, तो रिपीटर. गल्लीतली निम्मी पोरं तीच. मालक स्वतः डबल रिपीटर. तो म्हणतो, ‘चौथ्यांदा बसलो असतो तर परीक्षेलाच लाज वाटली असती, मॅडम.’ पाव बेकरीचा. टिक्की हरभऱ्याच्या डाळीची — लातुरात राहून बटाट्यापुढे कशाला हात पसरायचा? मेयोनीज म्हणून जे घालतो ते चक्क दही असतं, पण इतक्या आत्मविश्वासानं घालतो की विचारायची सोय नाही. आणि नावं काय — छोटा घ्या तर ‘क्रॅश कोर्स’, दोन टिक्क्यांचा ‘रिपीटर’, आणि तीन टिक्क्या, वर ठेचा, मधून काडी खुपसलेला, आणताना बशीत डुलतो तो — ‘भूकंप’. मी भांडले होते त्यावरून. म्हटलं, शिवा, आमच्या घरात हा शब्द हळू आवाजात बोलतात आणि तू तो ठेच्यासोबत विकतोस? तर त्यानं हातातला पाव खाली ठेवला आणि म्हणाला, ‘माझ्या आजीचं अर्धं माहेर गेलं त्यात. आमी हसलो न्हाई तर आमाला झोप लागायची न्हाई.’ मी तो भूकंप पूर्ण संपवला त्या दिवशी. डोळ्यांतून पाणी — ठेच्याचं.

शिवा म्हणजे मालक. शिवशंकर. चाकूरकडचा आहे, शेतकऱ्याच्या घरचा. सगळेच शिवा म्हणतात त्याला — सगळे म्हणजे पोरं. मी पण म्हणते. रोज नाही हं जात मी. म्हणजे क्लास सुटला की रस्त्यातच लागतं. रस्त्यात नाही — जरा वळावं लागतं. दोनदा वळावं लागतं.

थांबा, परत लावते. — वाजतोय. वाजतोय हो, आणि उचलत नाही.

मघाशी बाहेर होतो तेव्हा उचलला होता. त्याच्या आईनं, चतुराबाईंनी. टिक्क्या त्याच थापतात, आणि फोन गल्ल्यावर असला तर त्याच घेतात. मी इथून ओरडतेय, ‘भूकंप! भूकंप!’ — आणि त्या काय म्हणाव्यात? ‘हाव, एक का दोन?’ अहो, मी म्हटलं, ‘मावशी, भूकंप हाय, बाहेर निघा, बाहेर!’ तर म्हणतात, ‘बाहेर म्हंजे पार्सल हाय का? नाव सांग बाई.’ आणि मी नाव सांगितलं! घाबरून! ‘श्रद्धा,’ म्हटलं. ‘बरं,’ म्हणाल्या, आणि आतमध्ये ओरडल्या, ‘शिवा, एक भूकंप, पार्सल!’ — आणि फोन बंद. हसा तुम्ही. मला पण हसू येतंय, पण मी काय करून बसले बघा. म्हणजे तिकडं जमीन हलत असेल आणि मी त्यांना बाहेर काढायचं सोडून परत तव्यापुढे उभं केलं ना? दोघांनाही?

नाही, ती जागा तशी आहे. वर दोन मजले पोरांच्या खोल्या, खाली हे. आणि मधल्या खांबाला भेग आहे, चांगली बोट जाईल एवढी. त्यावर त्यानं मेनूचा बोर्ड ठोकलाय. पोरांना वाटतं डाउटवाल्या मॅडमला काय भूक लागते, केवढा वेळ मेनू वाचतात! मी मेनू वाचत नसते हो, बोर्डाच्या कडेनं भेग किती बाहेर आलीय ते बघत असते. शेवटी त्याला सरळ म्हटलं, ही जागा सोड. तर म्हणाला, ‘सोडतो. आजच सोडतो. तुमी घरी कधी सांगणार?’

...

काही नाही. म्हणजे — काय सांगणार, असंच. जाऊ द्या. तुम्ही खा ना. तो चीजचा थर निघून कागदाला लागलाय बघा.

हं? बाबा? बाबांचं काय — बाबा तर लातूरलाच — अरे देवा. अरे देवा, बाबा लातूरला एकटे आहेत! त्यांच्या शाळेत सकाळची परीक्षा होती म्हणून ते आले नाहीत ना आज. मी बाबांना फोनच नाही केला. भूकंप झाला, मी रस्त्यावर पळाले, आणि पहिला फोन मी बर्गरच्या दुकानात लावला. — असं बघू नका माझ्याकडे. थांबा. — हॅलो, बाबा? बाबा, तुम्ही — हो, इथंही. हो, आई ठीक आहे. तुम्ही बाहेर आहात ना? बाहेरच थांबा, आत जाऊ नका फुलपात्रं उचलायला. — काय? हो, इथंच आहे, समोर बसलाय. — बाबा, आत्ता काय विचारता! बरा आहे. चप्पल आणून दिली. नंतर सांगते. ठेवते.

उतरंड अख्खी कोसळली म्हणे, आणि लगेच विचारतात, मुलगा कसा आहे. ‘बरा’ म्हटलं मी, ऐकलंत ना.

पण पहिल्या रिंगला लागला की हो फोन. म्हणजे लातूरची लाइन चालू आहे. मग हा का — म्हणजे दोनच गोष्टी. एक तर रागावलाय, माझं नाव बघून पालथा ठेवतो. त्या दिवसानंतर रोज तेच करून राहिलाय. मी काही बोललेच नव्हते ना. तो विचारून उभा, आणि मी डाउट सोडवणारी बाई, मला एवढं सोपं उत्तर येत नव्हतं. बाबांना शेतकरी फार आवडतात — भाषणात. दर पंधरा ऑगस्टला शाळेत अर्धा तास बोलतात, डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. पण पोरगी त्या घरात द्यायची म्हटलं की — तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या भुवया विचारून राहिल्यात — हो, आमच्यातला नाही तो. आणि वर बर्गर विकतो. बाबांना दोन्हीतलं कोणतं जास्त लागेल ते मला अजून समजलेलं नाही. तर एक, रागावलाय. हे मला चालेल. महिनाभर रागव, वर्षभर रागव. आणि दुसरी गोष्ट — दुसरी नकोच.

सॉरी हं. तुम्ही पुण्याहून रजा काढून आलात आणि हे काय ऐकायला लागलं. तुम्ही माणूस वाईट नाही आहात. तुमचं ते प्रमोशन, ती गाडी, सगळं नीट आहे. जिथं ठेवाल तिथं नीट राहील असं आहे. मला तसलं — माझ्या पोटात कायम बर्फ वाजत असतो हो, आणि त्याच्या त्या भेगाळलेल्या खांबाखाली उभं असतानाच तेवढा थांबतो. आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. — नका सांगू.

हे काय? तुमचा फोन? कशाला — ओ. ओ! बरोबर, तुमचा नंबर त्याच्याकडे नाही. अनोळखी नंबर असला की तो धावत घेतो, ऑर्डर असते ना. हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं? कसं येणार, माझं डोकं — बरं. लॉक काढून द्या. नंबर पाठ आहे मला. हो, पाठ आहे. — लागला. वाजतोय.

अगं बाई, आई उतरली गाडीतून. मामा पण. हसत येतायत, म्हणजे ठरलंच यांचं. अहो, तुम्ही जरा तिकडं काउंटरकडे जाता का — नको, त्यांना अडवू नका, येऊ द्या. तुम्ही काही सांगू नका त्यांना, मी सांगते. फक्त तुम्ही उठा, ही खुर्ची आईला लागेल. वाजतोय अजून. उचल रे. उचल, उचल — तुम्ही जा हो आता, उभे काय राहिलात!

उचलला —

शिवा?