घनश्यामची छत्री

हॅलो?... हॅलो... हाव ऑपरेटरताई, लाखांदूरचाच ट्रंक कॉल ना? जोडा, जोडा.

कोन, आनंदरावभाऊ?... निर्मला बोलून राहिली. माय तुमच्या दुकानातच बसली आहे ना? द्या तिले.

हॅलो, माय?... नाई, अजून नाई मारली उडी. घनश्याम वरच चढून राहिला... अव टी.व्ही.त. शेठजीच्या घरी आहो मी. फोन न् टी.व्ही. एकाच खोलीत आहे, पाहू पाहू सांगते तुले.

हाव, दिसला. टोपलीत बसला तवा दिसला... चेहरा नाई, काचेचा टोप घातला ना डोक्यात... वळखनार नाई का मी? चालताना डावा खांदा वाकवते... हाव, चिंचेवरून पडला होता तोच खांदा.

फुगा?... लय मोठा, आपल्या गावच्या अर्ध्या तलावाएवढा. त्याच्या खाली टोपली... आता कायले म्हंजे? फौजेचा हुकूम. एवढ्या वरून आपल्या देशात कोनीच उडी नाई मारली. पयला नंबर तुह्या लेकाचा... तुले नंबर नाई पायजे, मालूम आहे मले.

आभाळ काळं दिसून राहिलं... नाई व, रात नाई. तेवढ्या वर हवाच नाई म्हनते, म्हनून काळं. खाली तं ऊन आहे. फुगा सोडला तवा मानसाइच्या सावल्या पायाखालीच होत्या... हाव ना, इथंबी दिवेलागन झाली. आता ते आग्र्याकडचं गाव, दूर आहे. तिकडं उशिरा बुडत असन सूर्य.

तू काही खाल्लं का?... कालपासून नाई? मुरमुरे तरी मांग दुकानात... बरं, नोको खाऊ.

अहो, डावीकडं फिरवा थोडं... तुले नाई माय, तुह्या जवायाले. छपरावर अँटेना धरून उभे आहेत. नुसत्या मुंग्या दिसून राहिल्या... आलं, आलं. तसेच राहा जी.

माय... उभा झाला. टोपलीच्या काठावर.

मारली उडी.

हाव, पडून राहिला... नाई, छत्री एवढ्यात नाई उघडत. पयले नुसतंच पडा लागते म्हनते... एक ठिपका दिसते फक्त... अजून नाई... नाई ना व अजून. घडीघडी नोको इचारू, देवाचं नाव घे... गरगर फिरून राहिला... काही नाई, काही नाई, तसं असतेच ते... अजून ना—

...

आहे माय, लाइनवरच आहे. थांब.

(फोनवर हात ठेवून) शेठानीबाई, लाइट आपलीच गेली का साऱ्या गावाची?... कवा येईन?... अरे देवा.

हॅलो... हाव... उघडली, माय. छत्री उघडली... पायली ना मी. उतरला, पायावर उतरला. आता खाऊन घे काही.

काय जाळते म्हनते?... तार? कोनाची तार?... काल दुपारी आली? आन् फोडली नाई?... तारवाल्यानं तोंड उघडायच्या आधी दार लावून घेतलं. अव माय, तार म्हंजे मौतीचीच रायते का?... हाव, बाबा गेले तवा तशीच आली होती, मालूम आहे मले... कमरेले खोचून फिरून राहिली कालपासून?

पन उडी तं आज... थांब. थांब थोडी.

(फोनवर हात ठेवून) बाई, टी.व्ही.त दाखवते ते आत्ताचंच असते ना?... मंग ते ऊन?... परवाचं? सुरवातीलेच सांगतलं होतं टी.व्ही.वाल्यानं? मी तं तवा ह्याइले अँटेना फिरवाले सांगून राहिली होती...

माय, तार जाळू नोको... नाई, खोटं कायले बोलू? उतरला. उतरला तरी तार वाचा लागते. आनंदरावभाऊले दे. माझी आन आहे तुले, दे.

ऑपरेटरताई, तीन मिनिटं अजून द्या. पाया पडते.

आनंदरावभाऊ, फोडा... नाई, मोठ्यानं नोका वाचू. पयले मनात वाचा, न् मलेच सांगा... चश्मा? घाला, घाला... भाऊ, बोला ना... भाऊ?

काय?... परत वाचा.

"सकुशल उतरा"... म्हंजे सुखरूप उतरला ना?... खाली घनश्यामचंच नाव आहे ना?... परवा सांजची... "टी.व्ही. पर देखना." हाव भाऊ. देखलं.

नाई, काही नाई झालं मले. बसून घेतलं खाली. द्या मायले.

हाव माय, मी म्हनलं होतं ना... रडून नाई राहिली, सर्दी आहे... (फोनवर हात ठेवून) हाव बाई, आली लाइट... (हात काढून) नाई माय, आता धानावरच्या किडीचं सांगून राहिले. घनश्यामचं संपलं.

काय?... छत्री कशी उघडली?... परत सांगू?... हाव, तुले कुठी पाहाले भेटलं. मले भेटलं... सांगते ना. बस तू बराबर. ऐक.

पयले नुसता ठिपका होता. मंग त्याच्या डोक्यावर पांढरं पांढरं काही फुगलं, न् झटका बसला त्याले... नाई, लागलं नाई. मंग हळूहळू झुलत आला खाली. तू पाळन्यात झुलवत होती ना, तसा... हाव, डावा खांदा वाकलेलाच. मंग वर पायलं, हात हलवला... हाव, इकडंच पायलं. खाली गहू होता, हिरवा. त्याच्यावर सावली पडली त्याची...

हॅलो? माय?... ऑपरेटरताई, तोडू नोका जी. अजून पाय टेकले नाई त्याचे... हॅलो?