सांगता येत नाही

...आन वर घरची मलाच इचारत्यात, "धनाजी, जेवत का न्हाईस रं?" आवं कसा जेवणार? तुमास्नी सांगतो, मी कुणाची चोरी केल्याली न्हाई, कुणाचा बांध कोरल्याला न्हाई, दारूला शिवत न्हाई... म्हंजी वरातीत जरा... ते सोडा. मी फकस्त टिक मारली. टॅबवर. ह्या एका बोटानं. खोटं एक अक्षर लिवलं न्हाई!

म्हंजी बघा, मी साताऱ्यात एका संस्थेत सर्वे करतो. गावोगाव जायाचं, लोकांच्या दारात बसायचं, प्रश्न इचारायचं, टिक मारायची. आन ह्या वक्ताला तर आख्खा फॉर्मच म्या बनवल्याला! इषय काय, तर साकव. वढ्यावरचा पायी जायाचा बारका पूल हो. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात दोन वाड्या, साकव मिळणार एकीलाच, मंग जिथं अडचण जास्त तिथं साकव. आता ह्यात चुकण्यासारखं काय हाय का? प्रश्न कसा गुळगुळीत लिवलाता म्या: "पावसाळ्यात ओढा ओलांडताना अडचण येते का?" त्याखाली चार चौकोन. जास्त, थोडी, नाही, आन चौथा माझ्या डोक्यातनं निघाल्याला... "सांगता येत नाही"! आमच्या राजेश्वरी मॅडम अशा खूश झाल्या, "वा धनाजी! तटस्थ पर्याय हवाच. नाहीतर उत्तर देणाऱ्यावर दबाव येतो." दबाव! आता त्यो समदा दबाव कुठं आलाय दावू का? हितं. छातीवर.

तर निगालो एप्रिलच्या उन्हात. पैली वाडी कुठली? वरली खडकवाडी. आन तिथं वढा वलांडला की पैलं घर कुणाचं? बनुआत्तीचं! माझी सख्खी आत्ती हो, पाचवीपास्नं धावीपातुर म्या तिच्याच चुलीम्होरं बसून भाकरी खाल्ल्याली. मला बघितल्या बघितल्या तिनं चहा टाकला, शेंगा भाजल्या, आन समद्या वाडीला वरडून सांगितलं, "आवं या की, आमचा धना आलाय साकव लिवून न्यायला!" आवं, लिवून न्यायला! म्या टॅब उघडला, आवाज साहेबावानी केला, "पावसाळ्यात ओढा ओलांडताना अडचण येते का?"

आत्तीनं कपाळाला हात लावला. "काय सांगायचं रं बाबा!"

झालं. एवढंच. म्या थांबलो. आमचा नियम हाय, उत्तर देणाऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा न्हाई. नियम बी म्याच लिवलाय, इचारा मॅडमला! मंग चौकोन बघाय लागलो. "जास्त" म्हणली का? न्हाई. "थोडी" म्हणली का? न्हाई. काय म्हणली? काय सांगायचं! चौथा चौकोन तिच्यासाठीच बनवल्याला की वो! टिक.

म्होरलं घर सुलाबाईचं. "कसं आन काय सांगू लेकरा!" टिक. त्याच्या म्होरं मानसिंगतात्या, मिलट्रीतनं रिटायर झाल्यालं, मिशीला पीळ देत म्हणालं, "बोलके क्या फायदा, जवान!" टिक. एक म्हातारी तर नुस्ती वढ्याकडं बघून पदर डोळ्याला लावत म्हणली, "सांगायची सोय हाय व्हय?" टिक! अठ्ठ्याहत्तर घरं, दुपारच्याला खलास. खोटं एक अक्षर लिवलं न्हाई!

आता तुमी म्हणणार, धनाजी, तुला ठावं न्हवतं व्हय? ... होतं की. आवं, आठवीत असताना त्याच वढ्यानं मला दप्तरासकट वढून न्हेलंतं आन आत्तीनं बखोट धरून भाईर काढलंतं. दप्तर गेलं, मी ऱ्हायलो. मंग का मारली टिक? खरं सांगू का... कुणाला बोलू नगा... त्या फॉर्मात "जास्त" दाबलं की खाली अकरा प्रश्न उघडत्यात. किती दिस अडचण, किती पाणी, कोण कोण अडकलं, शाळा किती बुडली, दूध किती नासलं... अकरा! परत्येक घराला! "सांगता येत नाही" दाबलं की म्होरलं घर. ऊन मी म्हणत होतं, आन आत्तीनं खरवस करून ठिवल्याला. अकरा प्रश्न बी म्याच घातल्यालं, कुणाला बोलू?

मंग आला रिपोर्ट. अठ्ठ्याहत्तरातल्या एकाहत्तर घरांचं "सांगता येत नाही". मॅडम म्हणाल्या, "ज्यांचं मतच नाही त्यांना हिशोबात धरायचं नसतं, काढून टाक." काढलं. ऱ्हायली सात घरं. सातच्या सात म्हणाली, अडचण नाही. कशी असंल? ती सात घरं वढ्याच्या अलीकडं, डांबरी सडकेला हायती! त्यांचा नि वढ्याचा संबंधच काय? पर मीटिंगीत पडद्यावर टक्क्यांचा गोल आला हिरवागार, कुठं चीर न्हाई का भेग न्हाई, आन खाली लिवल्यालं: मत नोंदवणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांना अडचण नाही. टाळ्या पडल्या हो! मॅडम म्हणाल्या, "इतका स्वच्छ निकाल मी पाहिला नव्हता." म्या बी टाळ्या वाजवल्या.

साकव गेला दुसऱ्या वाडीला. तिथली लोकं शानी, इचारल्याबरुबर म्हणाली, "जास्त!" तिथल्या वढ्यात श्रावणात बी म्हस बसत न्हाई हो, निसती उभी ऱ्हाती.

आन आत्तीचा फोन आठ दिसाला. "धना, कवा येतुया रं साकव?" मी म्हणायचो, "आत्ती, फाईल वर हाय." वर म्हंजी कुठं? माझ्या डोस्क्यावर! शेवटाला न ऱ्हावून जुलैत गेलो. म्हणलं, पाय धरायचं आन समदं सांगून मोकळं व्हायचं. तर वढा असा फुगल्याला, मी ह्या काठाला, आत्ती त्या काठाला, हातात दुधाची किटली. डेअरी माझ्या बाजूला. तीन दिस दूध तिकडंच ऱ्हायल्यालं, वासरालाच पाजत हुती. म्या बेंबीच्या देठापास्नं वरडलो, "आत्ती, माझं चुकलं!"

"आं? चूल? व्हय, पेटलीया की! च्या ठिवते, ये!"

"आत्ती, येऊ कुठनं?"

"व्हय व्हय, आलं घालते!" आन जाता जाता मागं वळून वरडली, "त्यास्नी सांग रं धना, समदी वाट बघत्यात!"

मी ह्या काठाला उभा ऱ्हाऊन रडलो, खोटं कशाला बोलू. तिला वाटलं पाऊसच हाय तोंडावर.

दुसऱ्याच दिशी मॅडमम्होरं जाऊन उभा. "मॅडम, 'काय सांगायचं' म्हंजी 'सांगता येत नाही' न्हवं!"

"मग काय?"

"म्हंजी लय अडचण! एवढी की सांगून सरायची न्हाई!"

"पण धनाजी, असा चौकोन फॉर्ममध्ये आहे का?"

न्हाई. फॉर्म कुणी बनवला? म्या.

"फेरसर्वे हवा तर रीतसर तक्रार नोंदव. तक्रार मोठी असेल तरच बघता येईल. प्रांजल, ह्यांचा फॉर्म भरून घे."

प्रांजल म्हंजी आमची नवी पोरगी, दोन म्हैन्यांमागं लागल्याली, काम म्याच शिकवलं. टॅब घिऊन समोर बसली. फॉर्म बघितला तर त्योच, माझाच, नुस्तं वरचं नाव बदलल्यालं! "सर, निकालाबद्दल तुमची तक्रार... जास्त, थोडी, नाही?" आन मला ती किटली दिसली हो. त्यो त्या काठावरचा चहा, आलं घातल्याला. कपाळाला हात लावला नि म्हणलो,

"काय सांगायचं, पोरी..."

ती थांबली. नियमापरमाणं. माझ्या तोंडात शब्द घातला न्हाई. चौकोन बघितलं, एक, दोन, तीन... मंग बोट खाली आलं. टिक!

लय हुशार पोरगी. काय बोलणार तिला? खोटं एक अक्षर लिवलं न्हाई तिनं.